शेंडा खुडला तरी झाड पुन्हा काठीसारखंच वाढतंय? फुटवे अडण्याचं निदान आणि उपाय

लक्षण असं असतं. रोप वीतभर झालं की तुम्ही शेंडा खुडता. आठवड्याभरात खुडल्या जागेखालचे दोन-तीन डोळे फुगतात, हिरवे ठिपके दिसायला लागतात, जिवाला बरं वाटतं. पंधरा दिवसांनी बघावं तर सगळ्यात वरचा एकच डोळा सरळसोट वर गेलेला आणि बाकीचे जिथल्या तिथे. पुन्हा खुडलं, पुन्हा तेच. चार खुडण्यांनंतर हातात उरते ती गाठी-गाठींची, तळाशी उघडी पडलेली एक उंच काठी.

जास्वंदीवर मी हा खेळ दोन वर्षं खेळलो. "खुडत राहा, झाड आपोआप भरेल" हा सल्ला इमानेइतबारे पाळला आणि दर वेळी वाटलं की आपलं खुडणंच कमी पडतंय. चूक खुडण्यात नव्हती. खुडणं म्हणजे दावणीचं दावं सोडणं. दावं सोडलं की जनावर मोकळं होतं, पण चालायला अंगात ताकद लागते आणि समोर वाट दिसावी लागते. आपण दावं सोडत राहतो आणि जनावर बसूनच का, म्हणून चिडत राहतो.

उपायांकडे वळण्याआधी आतला कारभार थोडा समजून घ्या. तो कळला की पुढच्या तपासण्या पाठ कराव्या लागत नाहीत.

डोळ्याला कोण अडवतं

बहुतेक झाडांत प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो. म्हणजे फांदीचं सामान कायमच तयार असतं, प्रश्न असतो तो फक्त उठायच्या परवानगीचा. १९३३ मध्ये केनेथ थिमान आणि फोल्के स्कूग यांनी बाकल्याच्या रोपांचे शेंडे कापले आणि कापल्या जागी ऑक्सिन हे संप्रेरक असलेला अगारचा, म्हणजे जेलीसारखा, तुकडा ठेवला. शेंडा नव्हता, तरी बगलेतले डोळे निजूनच राहिले. शेंडा खालच्या डोळ्यांवर सत्ता चालवतो ती ऑक्सिनच्या जोरावर, हे तेव्हा दिसलं. ऑक्सिन हे नाव ग्रीकमधल्या ‘वाढणे’ या क्रियापदावरून आलेलं. वाढीच्या नावाचं रसायन फांद्यांच्या मुळावर उठतं, ही त्यातली गंमत.

पण इथे एक कोडं आहे. वरून उतरणारं ऑक्सिन खोडातून खाली जातं, ते डोळ्यात शिरतच नाही. मग ते डोळ्याला गप्प कसं बसवतं? उत्तर असं की ते हुकूम दुसऱ्यांकरवी बजावतं. खोडात ऑक्सिन भरपूर असलं की डोळ्याला उठवणारं सायटोकायनिन तिथे कमी बनतं आणि डोळ्याला दाबणारं स्ट्रिगोलॅक्टोन जास्त बनतं. शिवाय डोळ्याला फांदी व्हायचं असेल तर स्वतःचं ऑक्सिन खोडाच्या प्रवाहात सोडावं लागतं. प्रवाह आधीच तुडुंब असेल तर त्याला शिरायला जागा मिळत नाही, भर गर्दीच्या रस्त्यावर गल्लीतून गाडी काढण्यासारखं.

ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, कारण "एकच डोळा का पळतो" याचं उत्तर तिच्यात आहे. जो डोळा आधी उठला त्याचं ऑक्सिन आधी प्रवाहात शिरतं आणि मग तोच खालच्यांसाठी नवा शेंडा होतो. जुनी सत्ता गेली, नवी आली.

स्ट्रिगोलॅक्टोनची कथा मला या सगळ्यात सर्वात आवडते. ज्वारी-मक्याच्या मुळांवर जगणारा टारफुला नावाचा परजीवी तण आहे. त्याचं बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि यजमानाचं मूळ जवळ आल्याची चाहूल लागली की रुजतं. ती चाहूल देणारं रसायन १९६६ मध्ये कापसाच्या मुळांतून वेगळं केलं गेलं आणि त्याला स्ट्रिगॉल नाव मिळालं; स्ट्रिगोलॅक्टोन हे त्याच्या कुळाचं नाव. आता कुठलं झाड स्वतःच्या शत्रूला हाका मारील? हे कोडं २००५ मध्ये सुटलं. जपानी संशोधकांनी दाखवलं की हीच रसायनं मुळांशी मैत्री करणाऱ्या मायकोरायझा बुरशीच्या धाग्यांना फाटे फोडायला लावतात. ही बुरशी झाडाला मातीतला स्फुरद आणून देते. झाड हाक मारत होतं ती बुरशीला, टारफुला ती चोरून ऐकत होता. आणि २००८ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी जाहीर केलं की हेच रसायन, किंवा त्याचं जवळचं रूप, झाडाच्या आत फुटवे दाबून ठेवतं.

आता हे जोडून बघा. स्फुरद कमी पडला की मुळं स्ट्रिगोलॅक्टोन वाढवतात. त्यातून बाहेर बुरशीला निरोप जातो की ये आणि स्फुरद आण, आणि आत डोळ्यांना निरोप जातो की घरात चणचण आहे, नवी फांदी काढू नका. निरोप एकच, पत्ते दोन. नत्राच्या टंचाईतही बऱ्याच झाडांत असंच होतं. २००८ च्याही आधी वाटाण्याच्या झुडुपी वाणांवर कलमं करून हे लक्षात आलं होतं की झुडुपी फांदीला साध्या वाणाचं मूळ जोडलं तर तिचे जादा फुटवे थांबतात. फांद्या किती काढायच्या, या निर्णयात मुळांचं मत असतं, ते असं.

अन्नाची बाजू त्याहून साधी आणि त्याहून जास्त दुर्लक्षिलेली. शेंडा हा मोठा खादाड आहे, पानांनी बनवलेली साखर तो वर ओढून घेतो. वाटाण्यावरच्या २०१४ मधल्या प्रयोगांत दिसलं की शेंडा कापल्यावर बरेच खालचे डोळे इतक्या लवकर हलायला लागतात की तेवढ्यात ऑक्सिन कमी झाल्याची बातमी तिथे पोचणं शक्यच नसतं. ऑक्सिन खोडातून तासाला साधारण १ सेंटीमीटर सरकतं, साखर मात्र त्याच्या कितीतरी पटींनी वेगात धावते. शेंडा गेला, साखर मोकळी झाली, डोळ्याला मिळाली आणि तो उठला. उलट पानं काढून टाकली की डोळे उठत नाहीत, आणि शेंडा शाबूत असताना झाडाला बाहेरून साखर पुरवली तरी उठतात. म्हणजे पहिला धक्का साखरेचा, आणि पुढे फांदी होऊन टिकायचं की नाही हे संप्रेरकं ठरवतात.

या सगळ्या निरोपांचा हिशेब डोळ्याच्या आत बऱ्याच अंशी एका जनुकाच्या हाती असतो. मक्यात त्याला टीबी१ म्हणतात, इतर अनेक झाडांत त्याच्या भावंडाला बीआरसी१. ते जोरात चालू असेल तर डोळा निजतो. मक्याचा रानटी पूर्वज टिओसिंटे झुडुपासारखा फांद्यांचा असतो. माणसानं पिढ्यान् पिढ्या निवड करत त्याचा एका ताटाचा मका केला, त्यात या जनुकाच्या वाढलेल्या जोराचा मोठा हात होता, हे १९९७ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे तुमची अडचण ती कुणा काळी शेतकऱ्याची गरज होती.

आधी हे ठरवा: डोळा कुठे अडकलाय

खुडल्यावर तीन आठवडे झाडाकडे नीट बघा. रोज नाही, दर तीन-चार दिवसांनी, आणि तारीख लिहून. मऊ खोडाच्या रोपात उबदार दिवसांत आठवड्याभरात हालचाल दिसायला हवी, लाकडी खोडात दोन-तीन आठवडे लागू शकतात. मग तीनपैकी एक चित्र दिसेल.

पहिलं, एकही डोळा हलला नाही. दुसरं, दोन-चार फुगले, पेराएवढे झाले आणि थांबले. तिसरं, एक पळाला आणि बाकीचे थांबले. पहिल्यात परवानगीच मिळालेली नाही, दुसऱ्यात परवानगी आहे पण शिधा नाही, तिसऱ्यात दोन्ही आहे पण वाटणी नीट झाली नाही. इलाज वेगवेगळे आहेत, आणि बहुतेक जण तिघांवर एकच इलाज करतात तो म्हणजे खत.

एकही डोळा हलत नसेल तर

सर्वात आधी उजेड. आणि इथे "ऊन किती तास येतं" एवढाच प्रश्न पुरत नाही, ऊन कुठल्या रंगाचं येतं हाही आहे. पानं लाल उजेड खातात आणि त्याच्या पुढचा, आपल्याला जेमतेम दिसणारा अतिलाल उजेड परतवतात किंवा आरपार जाऊ देतात. झाडाकडे फायटोक्रोम नावाचं प्रथिन आहे, ते लाल (साधारण ६६० नॅनोमीटर) आणि अतिलाल (साधारण ७३०) या दोन रंगांचं प्रमाण मोजतं. उघड्या उन्हात हे प्रमाण १.२ च्या आसपास असतं, दाट पानांखाली ०.२ च्याही खाली उतरू शकतं. प्रमाण उतरलं की झाड समजतं, शेजारी डोक्यावर बसणार आहे. मग ते फांद्यांचा विचार सोडतं आणि उंच पळतं. डोळ्यातलं ते निजवणारं जनुक जोरात चालू होतं, डोळ्याला दाबणारं अॅब्सिसिक आम्ल वाढतं, आणि तुम्ही कितीही खुडलंत तरी उठलेला एखादा डोळा वरच पळतो.

यातली खोच अशी की शेजाऱ्याची सावली पडायच्या आधीच झाडाला त्याची चाहूल लागते, कारण शेजाऱ्याच्या पानांवरून परतलेला अतिलाल उजेड आडवा येतो. म्हणून चिकटून ठेवलेल्या कुंड्या, दाट लावलेली रोपं आणि स्वतःच्याच पानांनी झाकलेलं खोड, तिन्हींत एकच आजार. तपासायचं कसं? दोन पानांमधलं अंतर बघा. आधीच्या पेऱ्यांपेक्षा नवे पेरे लांब झालेत, देठ लांबलेत, खालचं खोड उघडं पडतंय, तर उजेडाचाच प्रश्न आहे. कुंड्या इतक्या लांब करा की पानं एकमेकांना शिवणार नाहीत, आणि महिनाभर दुसरं काहीही करू नका. माझ्या जास्वंदीचं अर्धं दुखणं एवढ्यानंच गेलं. घरात दिव्याखाली वाढवत असाल तर दिवा उंच टांगलेला आहे का बघा. दूरचा मंद दिवा म्हणजे झाडासाठी कायमची संध्याकाळ.

दुसरं कारण, खुडलंच अपुरं. ऑक्सिन फक्त शेंड्याच्या टोकात बनत नाही, उलगडणारी कोवळी पानंही ते भरपूर बनवतात. नखानं टोक टिपलं आणि खालची दोन-तीन कोवळी, अजून वाढणारी पानं तशीच ठेवली तर जुनी सत्ता पूर्ण गेलेलीच नसते. पूर्ण वाढलेल्या, गडद पानाच्या जरा वर कापा.

याची उलटी चूकही तितकीच होते. काही जण उत्साहाच्या भरात अर्धं झाड कापतात, खाली एकही पान ठेवत नाहीत. कोवळ्या रोपाला हे झेपत नाही. पानं म्हणजे साखरेचं कोठार, कोठार गेलं तर मोकळ्या झालेल्या डोळ्यानं खायचं काय? जुन्या लाकडी झाडात खोड आणि मुळांतला साठा कामी येतो म्हणून तिथे कडक छाटणी चालते. रोपात चालत नाही. कापाच्या खाली किमान तीन-चार धडधाकट पानं राहू द्या.

तिसरं कारण झाडाची जातच. ताडामाडासारख्या एकदांडी झाडांना फुटवे फोडायची सोयच नसते, त्यांचा शेंडा कापला तर ते खोड मरतं. बहुतेक सूचिपर्णी झाडं पानं नसलेल्या जुन्या लाकडातून पुन्हा फुटत नाहीत. कात्री उचलण्याआधी हे एकदा पडताळून घ्या, नंतर उपाय नाही.

फुगून थांबत असतील तर

हे चित्र मला सगळ्यात जास्त विचारलं जातं, आणि उत्तर बहुतेक वेळा मातीखाली असतं.

कुंडी आडवी करा आणि रोप हळूच बाहेर काढा. मुळं कडेनं गोल फिरून जाळी झाली आहेत का? तळाशी पांढरी टोकं दिसतात की तपकिरी, मऊ, वास मारणारी? सायटोकायनिनचा मोठा भाग मुळांत बनतो आणि पाण्याबरोबर वर चढतो. मुळांना नायट्रेट, म्हणजे मातीतलं नत्राचं एक रूप, मिळालं की हे उत्पादन वाढतं. म्हणजे नायट्रेट हे अन्न तर आहेच, पण वरच्या डोळ्यांना "खाली पुरवठा आहे, उठा" असं सांगणारा निरोपही आहे. मुळं कोंडली किंवा सडली की तो निरोप निघतच नाही. शेंडा कापल्यावर खोडातही थोडं सायटोकायनिन बनायला लागतं, म्हणून डोळा फुगतो. पण ती उसनवारी, मागून मुळांकडून पुरवठा आला नाही तर तो तिथेच थांबतो. अशा वेळी फवारा, पेस्ट, खत काहीही उपयोगाचं नाही. मोठी कुंडी, भुसभुशीत माती, पाण्याला निचरा, आणि नवी पांढरी टोकं दिसेपर्यंत धीर. खुडायचं त्यानंतर.

मुळं ठीक असतील तर जुनी, खालची पानं वाचा. खालची पानं एकसारखी फिकट पिवळी होत जाणं ही नत्राच्या कमतरतेची खूण. खालची पानं गडद, निस्तेज हिरवी, मागून किंवा देठाशी जांभळट, आणि सगळं झाडच खुरटलेलं, तर स्फुरदाकडे बोट जातं. स्फुरद मातीत फार सरकत नाही, मूळ त्याच्यापर्यंत जावं लागतं. थंड मातीत मुळांची उचल मंदावते. आम्ल-विम्ल निर्देशांक, म्हणजे पीएच, साडेसातच्या वर गेला की स्फुरद चुन्याशी बांधला जातो, साडेपाचच्या खाली गेला की लोह आणि अॅल्युमिनियमशी. म्हणून "खतात स्फुरद आहे" आणि "झाडाला स्फुरद मिळतोय" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पीएच ६ ते ७ च्या दरम्यान आणला तर नवं खत न घालताही बंद पडलेला पुरवठा सुरू होऊ शकतो.

इथे एक गैरसमज मुळापासून काढायला हवा. स्फुरद कमी असेल तर तो भरून काढल्यानं स्ट्रिगोलॅक्टोन उतरतं आणि डोळे मोकळे होतात, हे खरं. पण पुरेसा असताना आणखी ओतला म्हणून आणखी फुटवे येत नाहीत. डोळ्यावरचं दडपण एकदाच उचलता येतं, उचललेलं पुन्हा कसं उचलणार? उलट जादा स्फुरदानं जस्ताची उचल बिघडते, आणि मायकोरायझा बुरशीलाही झाड विचारेनासं होतं. मी हे केलेलं आहे. फुलांसाठी म्हणून स्फुरदाचं खत दर पंधरवड्याला घालत गेलो, आणि हाती आली बारीक, अरुंद पानं आणि एकमेकांना चिकटलेले पेरे, म्हणजे जस्ताच्या टंचाईची अगदी पुस्तकी लक्षणं.

नत्राचंही दुसरं टोक आहे. उजेड कमी आणि नत्र जास्त हे जोडपं सर्वात वाईट. झाडाकडे वाढायचं सामान आहे, साखर नाही, आणि उजेड शोधायची घाई आहे. मग लुसलुशीत, लांब, मऊ काड्या येतात, किडीला आवडणाऱ्या आणि स्वतःच्या वजनानं लवणाऱ्या. आधी उजेड, मग नत्र, हा क्रम उलटा करू नका. पालाशाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. साखरेच्या वाहतुकीला आणि पाण्याच्या समतोलाला तो लागतो, इतर सगळं ठीक असताना बहुधा पुरेसा असतो.

खत द्यायचं तर कधी? खुडायच्या आठ-दहा दिवस आधी, हलकं, आणि ओल्या मातीत. डोळा उठायच्या क्षणी पुरवठा तयार हवा. खुडल्यावर डोळे थांबलेले बघून घाईनं दिलेलं खत वापरात यायला वेळ लागतो, आणि तोवर एक डोळा पुढे गेलेला असतो.

एकच पळत असेल तर

इथे झाड निरोगी आहे, अभिनंदन. सत्ता फक्त एका हातातून दुसऱ्या हातात गेली.

सर्वात सोपा उपाय म्हणजे पळणाऱ्याला लवकर अडवणं. तो वीतभर होईपर्यंत थांबू नका, त्याला दोन-तीन पानं आली की टिपा. तेवढ्या वेळात खालचे डोळे जागे असतात. जास्त उशीर केला तर ते पुन्हा निजतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. शेवंतीसारख्या रोपात सुरुवातीचे दोन-तीन खुडे असे लागोपाठ घेतले तर झाड घुमटासारखं भरतं. माझी चूक इथेच होती, मी दर वेळी नवी काठी हातभर वाढल्यावर जागा व्हायचो.

दुसरा उपाय मला खुडण्यापेक्षा प्रिय आहे. फांदी न कापता वाकवा. उभ्या फांदीत टोकाची सत्ता जोरात असते, आडव्या फांदीत ती ढिली पडते आणि वरच्या बाजूचे डोळे ओळीनं उठतात. वेलगुलाबाची लांब काडी आडवी बांधली की डोळ्या-डोळ्यातून फूट येते, तीच काडी उभी ठेवली तर टोकाशीच झुपका. सफरचंदाच्या बागांतही फांद्या ओढून बांधतात त्यामागे हेच. पानं एकही जात नाहीत, कोठार शाबूत राहतं. फक्त टोक फांदीच्या बुडाच्या पातळीपेक्षा खाली लोंबू देऊ नका, नाहीतर वाकाच्या जागी एक पाणसोट सरळ वर उठेल आणि पुन्हा तीच कहाणी.

लाकडी खोडात नेमक्या एका जागी फांदी हवी असेल तर खाच पाडतात. हव्या त्या डोळ्याच्या जरा वर, सालीतून लाकडाला जेमतेम लागेल इतका आडवा, अरुंद छेद. वरून उतरणारं ऑक्सिन तिथे अडतं, खालच्या डोळ्याला उसंत मिळते. डोळ्याच्या वर, खाली नव्हे. चाकू स्वच्छ हवा, छेद खोडाच्या सगळ्या घेराला नको. वाढ सुरू व्हायच्या थोडं आधी केलेला छेद चांगला लागू पडतो, मरगळलेल्या झाडावर तो नुसती जखम होऊन बसतो.

पेस्ट, फवारे आणि शॉर्टकट

सायटोकायनिनची पेस्ट खरोखर काम करते. १९५० च्या दशकातच थिमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाटाण्यावर दाखवलं होतं की कायनेटिन हे सायटोकायनिन दिलं तर ऑक्सिनची बंदी मोडता येते. बेंझिल अॅडेनीन हे सायटोकायनिन असलेली पेस्ट निजलेल्या डोळ्यावर टाचणीच्या डोक्याएवढी लावली तर तो अनेकदा उठतो. पण ती फक्त उठवते, पोसत नाही. ज्या झाडात डोळे फुगून थांबतात तिथे पेस्ट लावणं म्हणजे उपाशी माणसाला हलवून जागं करणं. जास्त लावली तर गाठाळ, वेडीवाकडी फूट येते. पहिल्या चित्रात, म्हणजे उजेड-मुळं-पोषण सगळं नीट असून एखादा डोळा हटून बसलाय तिथे, ती वापरा. एका-दोन डोळ्यांवर, सगळ्यांवर नाही.

वाढ रोखणाऱ्या पॅक्लोब्युट्राझोलसारख्या औषधांनी झाड बुटकं आणि गच्च दिसतं, कारण ती जिबरेलिन हे खोड लांबवणारं संप्रेरक बनणं अडवतात आणि पेरे आखूड होतात. दिसायला भरलेलं, पण म्हणून फांद्या वाढल्याच असं नाही. शिवाय हे औषध मातीत बराच काळ टिकतं. हौशी माणसानं त्याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत आहे. समुद्री शेवाळाच्या अर्कांत संप्रेरकांसारखे घटक असतात, पण बाटली-बाटलीत फरक. घालायचाच असेल तर एका झाडाला घाला आणि शेजारचं तसंच ठेवा, म्हणजे फरक औषधाचा की ऋतूचा हे तरी कळेल.

खुडलं नाही, तरी झुपका झाला?

कधी उलट तक्रार येते. शेंड्याला हात न लावता टोकाशी बारीक फांद्यांचा झाडूसारखा गुच्छ. त्याला फुटवे समजून खूश होऊ नका. शेंडा स्वतःच मेला आहे का ते बघा. बोरॉन किंवा कॅल्शियम कमी पडलं की वाढणारं टोक आधी करपतं, कारण बहुतेक झाडांत दोन्ही जुन्या पानांतून काढून वर नेता येत नाहीत. टोक मेलं, सत्ता गेली, बगलेतले डोळे उठले, आणि थोड्या दिवसांनी त्यांचीही टोकं करपली. कॅल्शियमच्या बाबतीत खतापेक्षा पाण्याची अनियमितता जास्त दोषी असते, ते पाण्याबरोबरच वर चढतं. बोरॉनची कमतरता आणि विषबाधा यांतलं अंतर फार थोडं आहे, अंदाजानं चमचाभर टाकणं धोक्याचं.

टोक जिवंत असून झुपका, आणि पानं बारीक, फिकट, फुलांच्या जागी हिरवे पानासारखे गुच्छ, तर फायटोप्लाझ्मासारख्या रोगाचा संशय घ्या. हे सूक्ष्मजीव झाडाची संप्रेरकांची घडीच विसकटून टाकतात आणि तुडतुड्यांमार्फत पसरतात. त्यावर खुडणं, खत, पेस्ट यांतलं काहीच चालत नाही. झाड बाजूला काढा, कात्री स्पिरिटनं पुसा आणि शेजारच्या झाडांवर तुडतुडे आहेत का ते पानांच्या मागे बघा.